छताचा खळगा

१२ जानेवारी

थोरले, ही वही तुझ्यासाठी, कारण तुझ्या डोक्याला भोक आहे. लहानपणी तुझी टाळू भरायला उशीर झाला, तेव्हाच मी ओळखलं होतं. स्वतःच्या लग्नाला दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला घालून उभी राहिलेली मुलगी तू! परवा फोनवर विचारतेस, "आई, वरच्या मागच्या खोलीत हल्ली कोण राहतं गं?" हल्ली म्हणे! अगं, कंडक्टर राहतात. तू पासाचे पैसे गोळ्या-बिस्किटांत उडवायचीस आणि ज्यांच्या गाडीत ऐटीत बसून शाळेला जायचीस, ते कंडक्टर. तुझं तिकीट ते स्वतःच्या खिशातून फाडायचे. त्यांना विसरलीस. उद्या मला विसरशील, त्याआधी सगळं लिहून ठेवते.

लिहून ठेवते म्हणजे मी सांगते, लिहिते सूनबाई. मला अक्षर कुठलं यायला! तिचं अक्षर मोत्यासारखं आहे असं तीच म्हणते, मी काय तपासणार? एक खोड मात्र आहे. धाकट्याबद्दल वाकडं काही आलं की तिच्या पेनाची शाई संपते. बघ, आताही थांबली. लिही गं, तुझ्या नवऱ्याला अजून काही बोलले नाही. पुढे बोलणार आहे.

तर कंडक्टर माझ्या डोक्यावर राहतात, म्हणजे त्यांची खोली बरोबर माझ्या खोलीच्या वर. नोकरी संपल्यावर एकदा ते खोलीत पाय घसरून पडले आणि संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहिले. कुणाला पत्ता नाही. वरच्या मोरीत दिवसभर पाणी वाजलं नाही, म्हणून मीच धाकट्याला दामटून वर पाठवलं. त्यानंतर मी मालकीण या नात्यानं नियम काढला. सकाळी तोंड धुतलं की कपडे वाळत घालायच्या काठीनं मी छताला एकदा ठोकायचं. एक टोला म्हणजे बसमधली सिंगल बेल, थांबा. मग त्यांनी वरून टाचेनं दोनदा ठोकायचं. डबल बेल, चला. गाडी चालू आहे. एवढंच. लोकांना वाटतं म्हातारीला भाडेकरूचा पुळका. पुळका कसला? मेलेला भाडेकरू भाडंही देत नाही आणि खोलीही सोडत नाही.

एकाच जागी ठोकून ठोकून छताला खळगा पडलाय, लिंबाएवढा. चुना भरला की पुन्हा उघडा. राहू दे म्हटलं, काठीला घर मिळालंय.

आज सांगायचं ते राहिलंच. धाकट्याला घरावर आणखी एक मजला चढवायचाय.

२१ जानेवारी

धाकटा एका हॉटेलात जाऊन गुंतवणुकीवरचं भाषण ऐकून आला. मालमत्ता माणसाला झोपेतही कमावून देते, असं तिथला कोटवाला म्हणाला म्हणे. मी विचारलं, "झोप कुणाची उडते, ते सांगितलं का?" तर म्हणतो, "आई, तू प्रत्येक गोष्टीत खोड काढतेस."

त्याचं म्हणणं असं. समोरच्या रिकाम्या जागेत नर्सिंगचं कॉलेज येतंय. पोरी येतील, त्यांना राहायला जागा लागेल. आपण वर चार खोल्या काढायच्या, प्रत्येकीत दोन खाटा. बँक कर्ज देते, घर तारण ठेवायचं. मी म्हटलं, "तुझे बाबा काय म्हणायचे ते ठाऊक आहे ना? या घरावर कपडे वाळत घाला, पण खोली चढवू नका, मी पाया दोन मजल्यांचाच घातलाय." त्यावर धाकटा म्हणाला, "तेव्हाचं सिमेंट आणि आताचं सिमेंट यात फरक आहे." पाया तर तेव्हाचाच आहे, असं ओठांवर आलं होतं. पण त्याचा चेहरा पाहिला. चाळिशी उलटली तरी पोराला कुणी शाबास म्हटलेलं नाही, तुझ्या बाबांनीही नाही.

काल बँकेत अंगठा दिला. तिथला साहेब म्हणाला, "आजी, सही येत नाही?" म्हटलं, "सही येत नाही, पण अंगठा माझाच आहे. धुऊन आणलाय."

कंडक्टर जिन्यात भेटले.

"मालकीणबाई, मजला चढतोय म्हणे."

"चढतोय. तुम्हाला धुळीचा त्रास होणार."

"होऊ दे. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर नुसती रिकामी गच्ची. आता माणसं येतील. मलाही छताला ठोकायला कुणीतरी होईल."

"खबरदार ठोकलंत तर! पोरी घाबरून पळतील, मग हप्ता तुम्ही भरा."

"बरं, नाही ठोकत. त्यांची पावलं ऐकत बसेन. पावलं ऐकायला तिकीट नाही ना?"

हसले. त्यांचे खालचे दात गेलेत, त्यामुळे हसताना तोंडावर हात धरतात. मी तर कधीचं पाहिलंय, आता लपवून काय उपयोग?

६ मार्च

घर पाहावं बांधून म्हणतात. मी म्हणते, घर पाहावं त्याच्याखाली बसून, वर दुसरं बांधत असताना. डाळ शिजवली तर डाळीत वाळू, अंथरूण झटकलं तर अंथरुणात वाळू. सूनबाईनं पातेल्यांवर ओली फडकी टाकलीत. कंडक्टरांचा खोकला थांबत नाही. त्यांच्या छतावरच विटा उतरतात, सिमेंट कालवतात. दुपारी खाली आमच्याकडे येऊन बसा म्हटलं, तर म्हणतात, "ड्युटी सोडून कसा येऊ?" कसली ड्युटी? खिडकीत बसून रस्त्यावरच्या बस बघायच्या, ही ड्युटी.

कंत्राटदार चहा पिताना म्हणाला, "आजी, काळजी सोडा. तुमचा पाया म्हणजे हत्ती आहे हत्ती."

मी म्हटलं, "खालचा हत्ती बरा आहे रे. पण तू त्याच्या पाठीवर दुसरा बसवतोयस."

सगळे हसले. धाकटाही हसला, म्हणून मीपण हसले.

२ मे

खोल्या झाल्या. आतून गुलाबी रंग. पोरींना आवडतो, असं धाकट्याला कुणी सांगितलं कोण जाणे. सूनबाई म्हणते, तिला विचारलं असतं तर पिवळा सांगितला असता. तिला कुणी विचारलं नाही. मला तरी कुणी विचारलं?

भाडेकरू निवडायची माझी रीत तुला आठवत नसणारच. खोली दाखवायची आणि म्हणायचं, प्रवासातून आलात, हात धुऊन घ्या. मग तो नळ कसा बंद करतो ते बघायचं. गच्च पिळणारा रागीट. टपटप ठेवणारा उडाणटप्पू. बंद करून जाताना एकदा मागे वळून बघणारा, तो आपला. कंडक्टरांनी दोनदा वळून पाहिलं होतं. तुझे बाबा म्हणाले, "हा माणूस घाबरट दिसतो." मी म्हटलं, "राहू दे, घाबरट माणूस घर जपतो."

या वेळी नळाशी मी तयार बसलेय, पण हात धुवायला कुणी आलेलं नाही. समोरच्या कॉलेजनं आपल्याच आवारात पोरींचं वसतिगृह बांधायला घेतलंय. तिथे राहिल्याशिवाय प्रवेशच नाही म्हणे. धाकटा ही बातमी घेऊन आला आणि चप्पल न काढता स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. मी चपलेबद्दल काही बोलले नाही, एवढ्यावरून समज.

वरच्या चार खोल्यांत सध्या कबुतरं आहेत. कंडक्टर म्हणतात, "पावलं येतात ऐकू, पण फार हलकी."

२३ मे

तरी धाकट्यानं धीर सोडला नाही. कॉलेजच्या पोरी नाहीत तर नोकरदार येतील, म्हणाला. नोकरदारांना चोवीस तास पाणी लागतं, म्हणून गच्चीवर मोठी टाकी बसवली. काल ती पहिल्यांदा काठोकाठ भरली.

आज सकाळी मी नेहमीसारखी काठी उचलली, एकदा ठोकलं. वरून दोन टोले आले. आणि माझ्या तोंडावर चुना पडला. डोळे पुसून वर पाहिलं, तर खळग्यातून एक चीर निघालेली. बारीक, केसासारखी, खिडकीपर्यंत गेलेली.

थोरले, इतकी वर्षं ठोकलं मी. दगडालासुद्धा दोरीनं खाच पडते, हे तर चुना-सिमेंट. काठी मी दाराआड उभी करून ठेवली.

सूनबाई, हे तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. त्याच्या डोक्यावर आधीच कमी ओझं आहे का?

२४ मे

आज ठोकलं नाही. तोंड धुतलं, केस विंचरले, पुन्हा विंचरले. वर सगळं शांत. मग जिन्यावर पावलं वाजली आणि खोकला. कंडक्टर कठडा धरून खाली आले. अंगात बनियन, आणि पायात काय, तर बूट!

"मालकीणबाई! आहात का?"

"आहे की. या वयात कुठे जाणार?"

"आज बेल झाली नाही."

"काठी सापडत नाही."

काठी माझ्या मागे दाराला टेकलेली. दाराआडून तिचं टोक वर आलेलं त्यांना दिसलं. दिसलं ते मला दिसलं. तरी म्हणाले, "हां. घरात वस्तू हरवतात अशा. सापडली की वाजवा. मी तयार होऊन बसलो होतो."

"बनियनवर बूट घालून?"

"अनवाणी टाचेचा आवाज आता खालपर्यंत पोचत नाही. म्हातारपणी टाचसुद्धा मऊ होते. म्हणून वाजवायच्या वेळी बूट घालतो."

"कधीपासून?"

"झाली की वर्षं."

बघ या माणसाचा कारभार! उठून बूट चढवायचे, नाड्या बांधायच्या, दोनदा टाच आपटायची आणि पुन्हा बूट काढायचे. एवढा उपद्व्याप! मला हसूच आलं. ते वर गेल्यावर मात्र मी बराच वेळ काही खाल्लं नाही. पित्त झालं असेल.

७ जून

चीर बोटाएवढी झाली. जिन्यातही एक निघाली. वरच्या पुढच्या खोलीतला भाडेकरू, तो कुरिअरवाला, बायकोला घेऊन निघून गेला. जाताना तिनं नळ नीट बंद केला, वळूनही पाहिलं. चांगली माणसं होती.

आज पालिकेचा इंजिनीअर आला. त्यानं चिरांवर आडव्या काचेच्या पट्ट्या सिमेंटनं चिकटवल्या. काच तडकली तर समजायचं घर अजून हलतंय. मग माझ्या खोलीत आला, टॉर्च मारला आणि विचारलं, "हा खळगा कसला?"

मी धाकट्याकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. "साहेब, तो माझा. मी रोज काठीनं ठोकते. तिथूनच चीर निघाली. घर माझ्यामुळे फाटलं."

साहेबानं काही बोलायला तोंड उघडलं. धाकटा मधेच म्हणाला, "साहेब, गच्ची बघून घ्या," आणि त्यांना वर घेऊन गेला. खाली आल्यावर साहेब म्हणाला, घर रिकामं करा. धाकटा माझ्या शेजारी बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "बाळा, तुझं एवढं सगळं मी ठोकून ठोकून पाडलं." त्यानं मान खाली घातली. रागावला नाही, गुणी पोर.

का थांबलीस, सूनबाई? शाई?

नंतर स्वयंपाकघरात सूनबाईनं माझे हात धरले. म्हणाली, "आई, काठीनं कुठे घर पडतं का? वरच्या मजल्याचं वजन झालंय. टाकीचं झालंय. हे आमचं चुकलंय, तुमचं नाही." आणि रडायला लागली. थोरले, लोकांच्या सुना सासूच्या माथी खापर फोडायला टपलेल्या असतात. ही सासूचं खापर आपल्या नवऱ्याच्या माथी फोडते, मला वाईट वाटू नये म्हणून. असली सून मिळायला भाग्य लागतं.

हेही लिहिलंस का गं? लिही, लिही. तुझं कौतुकच आहे.

१५ जून

काच तडकली.

२२ जून

आज कंडक्टर गेले.

त्यांचा पुतण्या टेम्पो घेऊन आला. तो तुझ्याच शहरात राहतो, थोरले. तुझ्या घरापासून दोन थांबे, असं कंडक्टर म्हणाले. त्यांना अजून अंतर थांब्यांतच मोजता येतं. सामान ते काय? एक खाट, एक पेटी, खिडकीतली खुर्ची. खोकल्यामुळे जिना उतरताना त्यांना तीनदा बसावं लागलं. पुतण्या घड्याळ बघत होता. वाईट माणूस नाही, पण घड्याळ बघत होता.

मी ठरवलं होतं, सांगायचंच. "कंडक्टर, ऐका. तुमची खोली माझ्या काठीनं गेली. तुम्हाला या वयात बेघर केलं मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा टेम्पोची दोरी आवळत होता, आवळलेलीच पुन्हा आवळत होता.

"असं होय," कंडक्टर म्हणाले. "मग अर्धी माझ्या टाचेनं गेली. खालून तुम्ही, वरून मी. मधल्यामध्ये स्लॅब बिचारा मेला."

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही, मालकीणबाई. गुन्ह्यात भागीदारी मागतोय. एवढी वर्षं नियमानं हजेरी लावली, मग पाप एकट्या तुमच्या नावावर का?"

मी त्यांना केळी देत होते वाटेसाठी. नको म्हणाले. केळं म्हणजे आजारी माणसाचं खाणं, असं त्यांचं मत आहे. उकडलेला भोपळा मात्र डबाभर नेला.

टेम्पोत मागे, खाटेवर बसले. पुतण्या पुढे. फळी लावली. मी दारात उभी. आतून पत्र्यावर दोनदा थाप वाजली, आणि चालकानं गाडी काढली. त्याला वाटलं, त्याच्यासाठीच वाजवली.

८ जुलै

आम्ही भाड्याच्या घरात आलो. दुसरा मजला, वरही माणसं, खालीही माणसं. मी मालकीणबाईची भाडेकरूबाई झाले. नाकापेक्षा मोती जड झाला की आधी नाक जातं, मग मोतीही. घर बँकेनं घ्यायच्या आत धाकटा जागा विकतोय. कंत्राटदाराचा फोन लागत नाही. त्याचा हत्ती त्याला घेऊन पळाला वाटतं.

इथल्या मालकानं खोल्या दाखवल्या आणि म्हणाला, "आजी, हात धुऊन घ्या." मी त्याच्याकडे पाहिलं. तो नळाकडे बघत होता. अरे लबाडा! मी नळ बंद केला, दोन पावलं चालले आणि वळून पाहिलं. मग पुन्हा एकदा वळले. तो खूश झाला. भिंतीत खिळा मारायचा नाही, ही त्याची अट. मी म्हटलं, "खिळा नाही मारणार, पण माझी काठी सांभाळून ठेवा. तिनं एक घर खाल्लंय." त्याला विनोद वाटला.

सकाळी तोंड धुतलं की हात आपोआप काठीकडे जातो. वर कोण राहतं ठाऊक नाही. ठोकायची हिंमत होत नाही, हेही घर फाटलं तर ही माणसं कुठे जातील? म्हणून मी पलंगाच्या लोखंडी दांड्यावर चमच्यानं एकदा वाजवते. उत्तर येत नाही. पण पलंग तरी पडणार नाही.

२० जुलै

सूनबाई फार हुशार आहे. काल तिनं पुतण्याला फोन लावला, फोन माझ्या हातात दिला. कंडक्टरांना फोनवर ऐकू येत नाही, नुसतं "आं? आं?" चाललेलं. मग मी चमचा घेतला आणि फोनच्या पाठीवर एकदा वाजवला.

मग पलीकडून टण् टण्. त्यांनीही कुठूनसा चमचा शोधला होता.

सूनबाई म्हणते, मी लहान पोरीसारखी हसले. खोटं बोलते. आता रोज सकाळी फोन. बोलणं नाही, चालणं नाही, नुसते टोले. पुतण्याच्या बायकोला वाटत असेल, खुळ्यांचं खानदान आहे.

खोकला आहेच म्हणे. जेवत नाहीत नीट. तुला परवा म्हटलं, जाऊन बघून ये, दोन थांबे तर आहे. तू म्हणालीस, रविवारी जाते. रविवार गेला. विचारलं तर म्हणालीस, "अय्या, विसरलेच!" थोरले, तुमच्याकडे रविवार येतो ना?

४ ऑगस्ट

सूनबाईबरोबर जाऊन घर बघून आले. येऊ नका म्हणाली, तरी गेले.

जागा घेणाऱ्यानं पाडायला माणसं लावलीत. वरचा नवा मजला आधी उतरवला, मग कंडक्टरांचा. गुलाबी भिंतींचे तुकडे रस्त्याकडेला पडलेत, रंग अजून नवा. धाकटा तिथेच उभा होता. आम्ही येणार हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं एक तुकडा उचलला, हातात फिरवला, खाली ठेवला. माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आई, तुझ्या काठीनं काही झालं नव्हतं."

मी म्हटलं, "हो रे बाळा, हो." समजूत काढतोय माझी. दोघं नवराबायको सारखी समजूत काढतात. इतकी मोठी झाली पोरं.

माझ्या खोलीत गेले. म्हणजे खोली होती तिथे. खळगा शोधायला मान वर केली, तर वर नुसतं आभाळ.

१३ ऑगस्ट

दोन दिवस फोन लागला नव्हता. आज लागला. मी वाजवलं, एकदा. पलीकडे बराच वेळ खरखर. मग एक टोला आला, हलका. दुसऱ्याची वाट बघत मी फोन कानाला धरून बसले. सूनबाई म्हणाली, "आई, कट झाला." मी म्हटलं, "दुसरा यायचाय अजून."

मग पुतण्याच्या बायकोनं सूनबाईला सांगितलं, त्यांना औषध पाजायला प्लास्टिकचा चमचा दिलाय, आता तोच त्यांच्या हातात असतो. तरीच! प्लास्टिकचा कसला वाजणार? दुसरा टोला दिला असणार त्यांनी, पोचला नाही. जन्मभर ज्यानं डबल बेल दिल्याशिवाय गाडी सोडली नाही, तो एकाच बेलवर थांबेल का?

१८ ऑगस्ट

आज सकाळी सूनबाई फोन लावेना. म्हणाली, थोड्या वेळानं. मग पुतण्याचाच फोन आला. ती फोन घेऊन बाहेर गॅलरीत गेली, दार लोटून घेतलं. आत आली ती पाणी प्यायला गेली, आणि बराच वेळ पाणीच पीत होती.

"काय म्हणाला गं?"

"काही नाही, आई. कंडक्टरकाका... बरे आहेत. आता काही त्रास नाही त्यांना."

"खोकला?"

"थांबला."

"बघ, मी म्हणत नव्हते? धूळ गेली की खोकला जातो. दे फोन, वाजवते."

"आज नको. झोपलेत म्हणे."

झोपू दे. बऱ्याच रात्री जागून काढल्यात त्यांनी. सूनबाईचे डोळे सुजलेत. मागोमाग बँकेचा फोन आला असणार. मी विचारत नाही. कर्जाचं विचारलं की तिला वाटतं, मी तिच्या नवऱ्याला बोल लावतेय. संध्याकाळी धाकटा लवकर आला आणि माझ्या पायांशी बसून राहिला, लहानपणी ताप आल्यावर बसायचा तसा. त्याच्या केसांतून हात फिरवला. त्याचेही केस पांढरे व्हायला लागलेत, थोरले. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

१९ ऑगस्ट

वही भरत आली. सूनबाई आज ही तुझ्याकडे पाठवणार आहे. काल रात्री तू फोनवर इतका वेळ बोललीस तिच्याशी, मला फोन द्यायला सांगितलंच नाहीस. विसरलीस असशील. असू दे.

आता एकच काम सांगते. हे विसरलीस तर मी तुझी आई नाही. कंडक्टरांचा खोकला थांबलाय, म्हणजे आता भूक लागेल. खोकल्यातून उठलेल्या माणसाला पहिली भूक फार मोठी लागते, आणि पुतण्याच्या घरी कोण बघणार? तू जा. रविवारची वाट बघू नकोस. दोन थांबे आहेत. चालत गेलीस तरी चालेल. दारावर एकदाच ठोक. घंटा वाजवू नकोस, ठोक. आतून दोनदा वाजलं की आत जा. लगेच नाही वाजलं तर थांब, त्यांना आता बूट घालायला वेळ लागतो.

का थांबलीस, सूनबाई? पुन्हा शाई? माझ्या उशाशी दुसरं पेन आहे, ते घे. डोळे पूस आधी, कागद भिजतोय. अगं, बँकेचं होईल काहीतरी, एवढं काय त्यात! लिही.

डब्यात भात दे, अगदी मऊ, बोटानं मोडेल असा, त्यांना खालचे दात नाहीत. त्यात गरम दूध घाल. वेगळ्या वाटीत भोपळा दे, साल काढून उकडलेला, मीठ नावाला. केळं देऊ नकोस, परत पाठवतील. नको म्हणाले तरी डबा ठेवून ये, तू गेल्यावर खातील. आणि चमचा विसरू नकोस. स्टीलचा दे, प्लास्टिकचा नको. प्लास्टिकचा वाजत नाही.